गाडीतला आवाज: दारापासून डीएसपीपर्यंत

कार ऑडिओचा नाद लागला की माणूस आधी डिकी उघडतो. मोठा सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, त्याला साजेसा अ‍ॅम्प, आरसे थरथरले की झालं. मीही तिथूनच सुरुवात केली. दोन वर्षं तो डबा डिकीत घुमत राहिला. डग्गा मात्र मागच्या सीटखाली वाजायचा, चाट डॅशबोर्डवर आणि गायक माझ्याच बाजूच्या दारात तोंड घालून गायचा. शेवटी एका सुट्टीत पुढची दोन्ही दारं उघडली, आतला पत्रा शांत केला, भोकं बुजवली आणि स्पीकर होते तेच परत बसवले. नवीन यंत्र एकही घेतलं नव्हतं, तरी डग्गा पुढे आला.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. गाडीतला आवाज सामानात कमी आणि दारांत जास्त असतो, उरलेला ट्यूनिंगमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर एकमेकांशी जुळवण्यात. मधल्या यंत्रांपैकी कुठलंही बरं यंत्र चालतं. म्हणून या लेखात दार आणि ट्यूनिंग यांना जास्त जागा दिली आहे. वायरिंगलाही दिली आहे, पण ती आवाजासाठी नाही, गाडी पेटू नये म्हणून.

आधी कागदावर

हौशी माणसाला पहिल्यांदा झेपेल आणि वर्षानुवर्षं पुरेल अशी मांडणी साधी असते. पुढच्या दोन दारांत साडेसहा इंची मिडबास (खालच्या आणि मधल्या स्वरांचे स्पीकर), वर दोन ट्विटर (वरच्या स्वरांचे छोटे स्पीकर), मागे एक सबवूफर, पाच चॅनेलचा एक अ‍ॅम्प आणि एक डीएसपी, म्हणजे प्रत्येक स्पीकरकडे जाणारा सिग्नल डिजिटल पद्धतीने घडवणारं यंत्र. यात प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र चॅनेल मिळतो, म्हणजे क्रॉसओव्हर (कुठल्या स्पीकरला कुठले स्वर, ती वाटणी), पातळी आणि वेळ प्रत्येकाची वेगळी ठरवता येते. यालाच अ‍ॅक्टिव्ह मांडणी म्हणतात. मागच्या दारांतले स्पीकर मी सुरुवातीला बंद ठेवायला सांगतो. गाणं समोर उभं करायचं असेल तर पाठीमागून येणारा आवाज मदतीपेक्षा गोंधळच जास्त घालतो.

सामान निवडताना खोक्यावरचा मोठा ‘मॅक्स’ आकडा विसरा, फक्त आरएमएस वॉट, म्हणजे सतत पेलता येणारे वॉट, पाहा. त्याहून महत्त्वाची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो. ८८ आणि ९१ डेसिबलच्या दोन स्पीकरांत फरक ३ डेसिबलचा दिसतो, पण ८८वाल्याला तेवढाच आवाज काढायला दुप्पट वॉट लागतात. आणि कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटावा असा आवाज हवा असेल तर साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट. ७५ वॉटचा अ‍ॅम्प काढून १०० वॉटचा घालणाऱ्याने हे गणित एकदा करून पाहावं.

कंपनीचा मूळ स्टिरिओ ठेवायचा असेल तर हरकत नाही. बऱ्याच डीएसपींना हाय-लेव्हल इनपुट असतो, स्टिरिओच्या स्पीकर वायरी थेट तिथे जोडता येतात. फक्त एक तपासणी करा. अनेक मूळ स्टिरिओ स्वतःचं इक्वलायझेशन (काही स्वर वाढवणं, काही कमी करणं) लपवून ठेवतात आणि काही तर आवाज वाढवला की बास गुपचूप कमी करतात. पिंक नॉइज (सगळ्या सप्तकांत सारखी ऊर्जा असलेली खरखर) वाजवून, तीन-चार वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर त्या स्टिरिओचं आउटपुट मोजा. आलेखाची रेघ, म्हणजे कुठला स्वर किती मोठा ते दाखवणारी, व्हॉल्यूमप्रमाणे आकार बदलत असेल तर ट्यूनिंग एकाच व्हॉल्यूमवर नीट बसेल, हे आधीच ओळखून असा.

वीज: आग आणि आवाज यांच्यातला फ्यूज

समजा अ‍ॅम्प चार चॅनेलना प्रत्येकी ७५ आणि सबवूफरला ४०० वॉट देतो. एकूण ७००. क्लास डी अ‍ॅम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर त्याला आत ८७५ वॉट लागतील. इंजिन चालू असताना बॅटरीवर सुमारे १३.८ व्होल्ट असतात, म्हणजे ऐन भरात ६३ अँपिअर. संगीतात असा भर क्षणभरच येतो, सरासरी खूप कमी असते. पण वायर आणि फ्यूज सरासरीवर ठरवत नाहीत.

६३ अँपिअरसाठी ४ गेजची, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची वायर घ्या. तिचा रोध मीटरमागे ०.८ मिलिओहमच्या आसपास असतो. साडेचार मीटर लांबीत ६३ अँपिअरवर पाव व्होल्टच्या आतच घट येते. तीच वायर ८ गेजची, म्हणजे बारीक, घेतली तर घट अर्ध्या व्होल्टच्या वर जाते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरीही मिळतात, सीसीए नावाने. दिसायला तशाच, पण वहनक्षमता तांब्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. घ्यायचीच असेल तर एक-दोन माप जाड घ्या. वायर खरवडून पाहिली की आतला पांढरा धातू लगेच दिसतो.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवायचा. फ्यूज अ‍ॅम्प वाचवण्यासाठी असतो असा समज आहे. तो वायर वाचवतो. अपघातात किंवा घासून ही वायर पत्र्याला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि वायर लालबुंद होते. फ्यूज बॅटरीपासून जेवढा लांब, तेवढी मधली वायर अनाथ. वरच्या उदाहरणात ८० अँपिअरचा फ्यूज योग्य. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायर नेताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडं) हवाच. पत्र्याच्या कडेवर उघडी वायर म्हणजे रोज थोडी थोडी चालणारी करवत.

आता अर्थिंग, म्हणजे यंत्राची ऋण वायर गाडीच्या पत्र्याला जोडणं. नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी इथेच निघतात. वायर ५० सेंटिमीटरच्या आत, जाडी धन वायरीएवढीच, आणि जागा गाडीच्या मुख्य सांगाड्याच्या जाड पत्र्यावर. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका. रंग घासून चकचकीत धातू दिसेपर्यंत उघडा करा, क्रिंप केलेला लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) घट्ट आवळा आणि मग वरून गंजरोधक रंग किंवा ग्रीस लावा. काम झाल्यावर, अ‍ॅम्प वाजत असताना मल्टिमीटरचं एक टोक अर्थिंगच्या लगवर आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवा. घट जवळजवळ शून्यच दिसायला हवी, एक-दोन दशांश व्होल्ट दिसले तर पुन्हा घासा. हल्लीच्या अनेक गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकाला चार्ज मोजणारा सेन्सर असतो. कुठलीही अर्थ वायर थेट त्या टोकाला जोडली तर सेन्सरला तो प्रवाह दिसत नाही आणि गाडीचा हिशेब चुकतो.

काम सुरू करताना ऋण टोक सोडवायचं आणि मुख्य फ्यूज सगळ्यात शेवटी घालायचा. हा क्रम मोडू नका. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी रंगाच्या केबलच्या आसपास ड्रिल, स्क्रू, कटर काहीही नाही. तिथे शेकडो व्होल्ट असतात.

पॉवरची वायर एका बाजूने आणि आरसीए वायरी (सिग्नल नेणाऱ्या) दुसऱ्या बाजूने न्या. कुठे ओलांडाव्या लागल्याच तर काटकोनात ओलांडा.

दार

स्पीकरचा कोन, म्हणजे समोरचा हलता पडदा, पुढे सरकतो तेव्हा समोर हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागे ती विरळ होते. या दोन लहरींना एकत्र यायला वाट मिळाली की त्या एकमेकींना खाऊन टाकतात. खालच्या स्वरांत तर पुरत्याच. दाराच्या आतल्या पत्र्याला काच आणि कुलपाच्या कामासाठी तळहाताएवढी भोकं ठेवलेली असतात, वर नुसता प्लॅस्टिकचा कागद. म्हणजे मिडबास वाजतो आणि स्वतःलाच गिळतो. त्यात दाराचा पातळ पत्रा स्वतःच्या सुरात कापतो. अशा दारात कितीही भारी स्पीकर घातला तरी फरक फक्त खिशाला कळतो.

काच पूर्ण खाली घ्या, मग पुन्हा वर. काच खाली असताना ती स्पीकरच्या मागे किती जवळ येते हे पाहिल्याशिवाय स्पीकरची खोली ठरवू नका. पॅनेल काढताना आधी लपलेले स्क्रू शोधा. एक हमखास हँडलच्या मागे असतो, एक आर्मरेस्टच्या खोबणीत. मग प्लॅस्टिकच्या पट्टीने कडेकडेने क्लिपा उचला. पाच-सहा जादा क्लिपा आधीच आणून ठेवा, एखादी तरी तुटतेच. थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ असतं, शक्यतो उन्हात काम करा. साइड एअरबॅगचा सेन्सर किंवा कनेक्टर दारात असेल तर बॅटरी सोडवून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्याला हात लावू नका. किती वेळ थांबायचं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

बाहेरचा पत्रा आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. धूळ राहिली की चिकटवलेली शीट पहिल्या उन्हाळ्यात गळून काचेत अडकते. ब्यूटाइल रबरावर अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली डँपिंग शीट इथे लागते. डांबराची स्वस्त शीट नको, ती उन्हात वास सोडते आणि ओघळते. शीट लावायचा हेतू पत्रा जड करणं नाही. पत्रा वाकला की रबर ताणलं जातं आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत जिरते, म्हणून पूर्ण पत्रा मढवण्याची गरज नसते. पॅनेलच्या मधल्या मोकळ्या भागात २५ ते ४० टक्के क्षेत्रफळ पुरतं. मात्र रोलरने इतकं दाबा की शीटवरची नक्षी सपाट होईल. हाताने थापटलेली शीट म्हणजे पत्र्यावरचा महागडा स्टिकर. नंतर बोटाने टिचकी मारून पाहा. ‘टंग’ जाऊन ‘ठक’ आलं की झालं.

मग आतल्या पत्र्याची भोकं. मोठ्या भोकांवर पातळ अ‍ॅल्युमिनियमचा किंवा एबीएस प्लॅस्टिकचा तुकडा कापून स्क्रूने बसवा आणि त्यावर डँपिंग शीट. नुसती शीट भोकावर ताणून लावली तर ती ढोलाच्या कातड्यासारखी हलते. काचेची मोटर, कुलपाच्या सळया मोकळ्या फिरतात का ते प्रत्येक तुकड्यानंतर काच वर-खाली करून तपासा. दाराच्या तळाशी असलेली पाणी जायची भोकं मात्र कधीही बुजवू नका. पावसाचं पाणी काचेच्या फटीतून दारात उतरतंच, ते बाहेर गेलं नाही तर दार आतून गंजतं.

स्पीकर थेट पत्र्यावर न बसवता मधे जाड कडं घाला. एमडीएफचं कडं सोपं पडतं, पण पाणी लागलं की बिस्किटासारखं फुगतं. एचडीपीई प्लॅस्टिक किंवा वॉर्निशचे दोन-तीन हात दिलेलं प्लायवूड बरं. कडं आणि पत्रा यांमध्ये एक फोमची गॅस्केट, कडं आणि स्पीकर यांमध्ये दुसरी. आणि स्पीकरच्या तोंडाभोवती फोमचं जाड कडं असं लावा की पॅनेल बसल्यावर ते जाळीला दाबून टेकेल. नाहीतर निम्मा आवाज पॅनेलच्या मागे शिरतो आणि पॅनेललाच खडखडवतो. हे फोमचं कडं बहुतेक जण विसरतात.

पॅनेल परत लावण्याआधी क्लिपांच्या मुळाशी आणि वायरींच्या गुच्छांवर फेल्टची चिकटपट्टी गुंडाळा. लावल्यावर ४० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा टोन वाजवा आणि हाताने ठिकठिकाणी दाबत जा. ज्या जागी दाबल्यावर खडखड थांबते, तिथे फोम. एका दाराला अर्धा दिवस लागतो. दुसऱ्याला त्याहून कमी, कारण तोपर्यंत शिव्या देऊन झालेल्या असतात.

ट्विटरची जागा

काचेच्या खांबावरच्या ट्रिममध्ये ट्विटर छान दिसतो, पण त्या ट्रिमवर एअरबॅगचं चिन्ह असेल तर तिथे काहीही कापायचं, चिकटवायचं नाही. पडद्यासारखी एअरबॅग फुटताना ट्विटर गोळीसारखा तोंडावर येईल. बाहेरच्या आरशामागची त्रिकोणी जागा सहसा सुरक्षित असते. कुठेही पक्कं भोक पाडण्याआधी ट्विटर चिकणमाती किंवा टेपने तात्पुरता लावून चार दिवस ऐका. आपल्याकडे तोंड केलेला, समोरच्या बाजूच्या प्रवाशाकडे वळवलेला आणि काचेकडे वर केलेला, तिन्ही आवाज वेगळे निघतात. काचेवरून परतणारा आवाज मंच (गाणं समोर जिथे उभं असल्यासारखं वाटतं ती जागा) उंच करतो पण कडा बोथट करतो. यात बरोबर-चूक नाही, गाडी आणि कान सांगतील ते.

सबवूफरचा डबा

ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थिएल यांनी १९६१ मध्ये पोर्टच्या (हवेसाठी नळी ठेवलेल्या) डब्यांचं गणित मांडलं, रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात ते विस्तारलं. आज प्रत्येक वूफरच्या कागदावर छापलेले एफएस (स्पीकरचा स्वतःचा सूर), क्यूटीएस (त्याची हालचाल किती आवरलेली आहे) आणि व्हीएएस (त्याच्याइतकाच लवचीक असलेला हवेचा साठा, लिटरमध्ये) हे आकडे त्यांचीच देणगी. बंद डब्यासाठी हिशेब हातानेही होतो. व्हीएएसला डब्याच्या लिटरांनी भागा, १ मिळवा, वर्गमूळ काढा, क्यूटीएसने गुणा. वूफरचा क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ५० लिटर असेल तर ३५ लिटरच्या डब्यात उत्तर येतं ०.७०. ०.७०७ च्या जवळ रेघ सर्वांत सपाट राहते. डबा लहान केला तर आकडा वाढतो आणि बास फुगीर, एकसुरी होऊ लागतो.

१८ मिलिमीटर एमडीएफचा, बाहेरून ५० × ३६ × ३० सेंटिमीटरचा डबा घ्या. प्रत्येक मापातून ३.६ सेंटिमीटर वजा केले की आत उरतात सुमारे ३९.७ लिटर. वूफरचं स्वतःचं आकारमान आणि आतला आडवा टेकू मिळून चार-पाच लिटर खातात. म्हणजे झाले आपले ३५. सांध्यांना गोंद भरपूर, स्क्रू फक्त गोंद वाळेपर्यंत धरण्यासाठी. आतून सगळ्या कडांना सीलंट. वूफर बसवून कोन हळूच आत दाबा आणि सोडा. तो आळसावल्यासारखा परत आला तर डबा हवाबंद, झटकन आला तर कुठेतरी गळती आहे.

पोर्टचा डबा तेवढ्याच वॉटमध्ये जास्त आवाज देतो, पण पोर्ट ज्या स्वराला जुळवलेला असतो त्याच्या खालच्या स्वरांत कोनाला हवेचा आधारच राहत नाही आणि तो बेफाम हलतो. म्हणून तिथे सबसॉनिक फिल्टर (फार खालचे स्वर अडवणारा) हवाच. पहिल्या डब्यासाठी मी बंदच सुचवतो. गाडी स्वतःही मदत करते. केबिनच्या लांबीच्या दुपटीपेक्षा तरंगलांबी मोठी झाली की बंद केबिनमध्ये हवेचा दाब वाढत जातो. २.८ मीटर लांबीच्या केबिनमध्ये हे साधारण ६० हर्ट्झच्या खाली सुरू होतं, आणि बंद डब्याचा घसरता बास त्याने बराच भरून निघतो. घरी मोकळ्यावर ऐकलेला डबा गाडीत वेगळाच वाजतो तो यामुळे.

व्हॉइस कॉइलची (वूफरमधल्या तारेच्या गुंडाळीची) जोडणी दोनदा तपासा. दोन ४ ओहमच्या कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम, एकामागे एक जोडल्या तर ८. अ‍ॅम्प २ ओहमपर्यंतच झेपणारा असेल आणि तुम्ही १ ओहम टांगला, तर तो बंद पडतो किंवा धूर सोडतो.

पहिल्यांदा चालू करताना

फ्यूज घालण्याआधी प्रत्येक स्पीकरची ध्रुवता, म्हणजे धन-ऋण टोकं बरोबर जोडलीत का, पाहा. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की वूफर आणि मिडबासचा कोन बाहेर यायला हवा. ट्विटरला मात्र सेल लावू नका, त्याची वायर डोळ्यांनी शोधत जा.

ट्विटरच्या धन वायरीत एक नॉन-पोलर (धन-ऋण टोकं नसलेला) कपॅसिटर घाला. ४ ओहमच्या ट्विटरला ४० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे १००० हर्ट्झखालचं जोखीम असलेलं सगळं मंदावतो. डीएसपीतला फिल्टर चुकून बंद राहिला तर हाच वाचवतो. मला हा शहाणपणा एक ट्विटर जाळल्यावर आला. गेन लावताना फिल्टर काढला होता, आणि नंतर चहा प्यायला गेलो होतो.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, स्टिरिओचा सिग्नल आणि अ‍ॅम्पची ताकद यांची जुळणी. स्पीकर सोडवा, फिल्टर बंद करा. स्टिरिओचे सगळे बास-ट्रेबल शून्यावर, व्हॉल्यूम तीन-चतुर्थांशावर. ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टोन लावा आणि अ‍ॅम्पच्या आउटपुटवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. किती व्होल्ट हवेत? वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ७५ वॉट ४ ओहमवर म्हणजे १७.३ व्होल्ट, ४०० वॉट २ ओहमवर म्हणजे २८.३. स्पीकरची आरएमएस क्षमता अ‍ॅम्पपेक्षा कमी असेल तर स्पीकरचा आकडा धरा. मल्टिमीटर लहरीचं डोकं कापलं गेलंय का ते दाखवत नाही, ते पाहायला ऑसिलोस्कोप लागतो. छोटा हातातला मिळाला तर सोनं. साधे मल्टिमीटर हजार हर्ट्झवर चुकीचं वाचू शकतात, म्हणून पुढच्या चॅनेलनाही ५०-१०० हर्ट्झच वापरा. आणि मग फिल्टर परत चालू करा. चहा नंतर.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी ‘कुंईई’ ऐकू आली तर घाबरू नका. अ‍ॅम्पमधून आरसीए काढा. आवाज थांबला तर दोष आधीच्या भागात आहे, म्हणजे बहुधा स्टिरिओ आणि अ‍ॅम्प वेगवेगळ्या जागी अर्थ केलेत. थांबला नाही तर अ‍ॅम्पची स्वतःची अर्थिंग पाहा. फिल्टर विकत घेऊन मधे घालणं हा शेवटचा, आणि माझ्या मते आळशी, उपाय.

ट्यूनिंग

इथे घाई केली तर आधीची मेहनत वाया जाते. लागतं काय? लॅपटॉप, कॅलिब्रेशन फाइलसह येणारा यूएसबी मायक्रोफोन, यूमिक-१ सारखा, आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर. इंजिन आणि एसी बंद, काचा बंद, बॅटरीला चार्जर. तासन् तास वाजवत बसल्यावर गाडी सुरूच झाली नाही अशी फजिती टळते.

आधी क्रॉसओव्हर. सबवूफर ८० हर्ट्झच्या खाली, मिडबास ८० ते ३०००, ट्विटर त्याच्या वर, सगळीकडे २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा (दर सप्तकाला २४ डेसिबल उतरणारा) लिंकविट्झ-रायली फिल्टर. सिगफ्रिड लिंकविट्झ आणि रस रायली यांचा हा फिल्टर १९७६ सालचा. क्रॉसओव्हरच्या बिंदूवर दोन्ही बाजू ६ डेसिबल खाली असतात आणि नीट जुळल्या तर बेरीज सपाट येते. हे आकडे फक्त सुरुवात आहेत. ट्विटरचा एफएस १५०० हर्ट्झ असेल तर त्याला निदान दुपटीच्या वरच ठेवा.

मग वेळ. तुम्ही मध्यावर बसत नाही, म्हणून जवळचा स्पीकर नेहमी आधी पोचतो, आणि जो आवाज आधी पोचतो तिकडेच मेंदू गायकाला बसवतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये यावर प्रबंधच लिहिला. उपाय सोपा. टेप घेऊन प्रत्येक स्पीकरपासून तुमच्या नाकापर्यंतचं अंतर मोजा. समजा सबवूफर १९० सेंटिमीटर, लांबचा मिडबास १४५, लांबचा ट्विटर १३५, जवळचा मिडबास ९५, जवळचा ट्विटर ८५. आवाज मिलिसेकंदात ३४.३ सेंटिमीटर जातो. सर्वांत लांबच्यातून प्रत्येकाचं अंतर वजा करून ३४.३ ने भागा. सबवूफरला ०, लांबच्या मिडबासला १.३१, लांबच्या ट्विटरला १.६०, जवळच्या मिडबासला २.७७, जवळच्या ट्विटरला ३.०६ मिलिसेकंद. हे आकडे घातल्यावर पहिल्यांदा गायक दारातून उठून डॅशबोर्डवर येतो. या छंदातला माझा सर्वांत आवडता क्षण तोच.

आता प्रत्येक स्पीकर एकटा वाजवून मोजा. माइक एका जागी ठेवून मोजलेली रेघ फसवते, कारण डोकं दोन बोटं हलवलं तरी वरच्या स्वरांची रेघ बदलते. पिंक नॉइज लावून माइक डोक्याच्या जागेभोवती साधारण ३० सेंटिमीटरच्या घेऱ्यात हळूहळू फिरवा आणि सरासरी घ्या. त्या सरासरीवर इक्वलायझर चालवा. उंचवटे कापा, खड्डे भरू नका. बरेच खड्डे दोन लहरींनी एकमेकींना खाल्ल्यामुळे पडतात. तिथे ६ डेसिबल चढवले तर चौपट वॉट जातात आणि खड्डा तसाच राहतो.

लक्ष्य सपाट रेघेचं नको, सपाट गाडी ऐकायला कोरडी वाटते. माझी स्वतःची रेघ ६० हर्ट्झच्या खाली ८-९ डेसिबल वर असते, १६० च्या आसपास पायथ्याला येते, मग २० हजारापर्यंत पाच-एक डेसिबल हळूच उतरते. चालत्या गाडीत टायर आणि रस्त्याची घरघर खालचे स्वर झाकते, म्हणून एवढा बास लागतो. डावा-उजवा मिडबास मात्र एकाच रेघेवर आणा. ते एकमेकांशी जुळणं हे रेघेच्या आकारापेक्षा महत्त्वाचं.

गायक तरीही मध्यावर येत नसेल तर त्याच्या आवाजाचा कुठला भाग सरकतोय ते ऐका. लॉर्ड रेले यांनी १९०७ मध्येच मांडलं होतं की दिशा ओळखताना कान खालच्या स्वरांत वेळेचा फरक पकडतात आणि वरच्यांत पातळीचा. खर्जातला आवाज बाजूला ओढला जात असेल तर मिडबासचा वेळ बदला. ‘स’ आणि ‘श’ बाजूला पळत असतील तर त्या बाजूच्या ट्विटरची पातळी अर्धा-एक डेसिबल उतरवा. एका वेळी एकच गोष्ट, आणि दर वेळी वहीत नोंद.

शेवटी सबवूफर. टेपने काढलेला वेळ इथे हमखास चुकतो, कारण फिल्टर स्वतःही उशीर करतात. दोन्ही मिडबास आणि सबवूफर एकत्र वाजवून ६० ते १०० हर्ट्झमधली रेघ पाहा. क्रॉसओव्हरपाशी खड्डा असेल तर सबवूफरची ध्रुवता उलटवून पाहा, मग पुढच्या सगळ्या स्पीकरांचा वेळ एकत्र अर्धा-अर्धा मिलिसेकंद हलवा. ८० हर्ट्झची एक लहर १२.५ मिलिसेकंदांची असते, म्हणून अर्ध्या मिलिसेकंदाच्या पायऱ्या पुरतात. खड्डा भरला की बास डिकीतून निघून पुढे येतो. डोळे मिटून सबवूफर कुठे आहे ते सांगता येत नसेल तर जमलं.

ट्यूनिंग करताना आवाज मध्यम ठेवा. थकलेला कान ट्रेबल वाढवायला सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी तेच टोचतं. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार आरोग्य संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटं आहे. चांगल्या सिस्टीमवर १०० डेसिबल मोठे वाटतच नाहीत, तोच धोका. चालवताना मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू यायला हवा, एवढा व्हॉल्यूम.

झालेलं ट्यूनिंग डीएसपीत पहिल्या प्रीसेटवर साठवा आणि फाइलची प्रत लॅपटॉपवरही ठेवा. मग आठवडाभर कशालाही हात न लावता, ओळखीची पाच-सहा गाणी ऐकत रोजच्या रस्त्यावर फिरा. आणि दुसरा प्रीसेट करा, वेळेचे सगळे आकडे शून्य करून आणि डाव्या-उजव्या पातळ्या सारख्या ठेवून. पहिल्या प्रीसेटमध्ये गायक फक्त चालकासमोर उभा राहतो. शेजारी बसणाऱ्याला तो आपल्याला टाळून गातोय असं वाटतं, आणि माझ्या गाडीत ही तक्रार पहिल्या दहा मिनिटांतच आली होती.